शेवंतीला अंधार हवा

४ जून
पुन्हा तेच! झाडाचा दिवा रात्रभर चालू. बाबा तोंडावर पांघरूण ओढून झोपलेले आणि शेजारी आईची शेवंती जांभळ्या उजेडात. समोरचे काका विचारतात, "तुमच्याकडे डिस्को असतो का हो रोज?" हसून वेळ मारून नेली.

या घराच्या खिडकीसमोर भिंत, म्हणून झाडाला उन्हाऐवजी हा दिवा मीच आणला. आई गेली, जुनं घर सुटलं, तिची म्हणून ही एवढी एक कुंडी उरली. वर्ष झालं, कळी नाही. नुसती पानं.

९ जून
नर्सरीवाल्याला गाठलं. "अहो ताई, शेवंतीला मोठी रात्र लागते. रात्री दिवा ठेवलात तर जन्मात फुलायची नाही. तुमच्या बाबांना सांगितलं होतं की मी!"

बाबांना विचारलं, तर कानांवर हात! "मी कुठे गेलोय नर्सरीत?"

दादाला फोन केला. म्हणाला, "विसरायला लागलेत गं. डॉक्टरांना दाखव." लगेच डॉक्टरांची वेळ घेतली.

१० जून
संध्याकाळी झाडावर खोका पालथा घातला. सकाळी पाहते तर खोका कोपऱ्यात, दिवा चालू. म्हणे, "गुदमरतं ते."

१५ जून
कडाक्याचं भांडण. म्हटलं, आईचं एक फूल बघायचंय मला, एवढंही नको का? बाबा म्हणाले, "हिरवं आहे ना? मग पुरे की!" कुंडी उचलून माझ्या खोलीत आणली. आता रात्री दिवा बंद म्हणजे बंद.

१६ जून
बाबा रुसलेत. चहा तसाच.

२ ऑगस्ट
कळ्या! मोहरीएवढ्या! बाबांना हाताला धरून आणलं, दाखवल्या. चष्मा न लावताच "छान, छान" म्हणाले आणि निघून गेले.

डॉक्टर म्हणतात, स्मरणशक्ती ठणठणीत आहे. मग असं का वागतात? या झाडाचा विषय काढला की उठून जातात. मला राग येतो आणि रडूही येतं. आई फक्त माझीच होती का?

२७ ऑगस्ट
उमललं. पिवळंधमक.

आईची शेवंती पांढरी होती.

बाबा दारात उभे. "तिची घर बदलताना वाळली गं. तू आधीच इतकी रडत होतीस... ही मी आणून ठेवली."

वर्षभर डोळ्यांवर उजेड घेऊन झोपले. माझ्यासाठी.