दहा आजारी उंदीर

४ मे
पीएचडीचं सहावं वर्ष. चारुशीला मॅडम म्हणाल्या, तीन जूनले समितीपुढे आजारी उंदीर दाखव, नाहीतर गाशा गुंडाळ. गाईड आहेत म्हणून ऐकून घेतलं. काम सोपं आहे. माणसाचं अंग आपल्याच प्लेटलेट मारून टाकते, असा एक आजार असते. तो उंदरात आणायचा. अँटिबॉडी टोचली की प्लेटलेट पडते. बस.

७ मे
अँटिबॉडीचं पार्सल मीच आणलं, दुसऱ्यावर भरवसा नाही. वाटेत धरमपेठेत तर्री-पोहे, दोस्त भेटला, गप्पा लांबल्या. पार्सल गाडीच्या डिक्कीत सुरक्षित. ऊन सेहेचाळीस. बर्फाचं गरम पाणी झालं, पण बाटली शाबूत आहे.

९ मे
काल दहा उंदरायले टोचलं. एक चावला.
आज रक्त काढलं. थेंब थेंब येते, उंदीर सहकार्य करत नाही. अबोली म्हणे, सर, ट्यूब लगेच हलवा, रक्त आतच गोठते. मागच्या महिन्यात जॉइन झाली अन् मले शिकवून राहिली.

संध्याकाळी
प्लेटलेट धाडकन पडल्या! दहाच्या दहा! उंदीर मात्र उड्या मारून राहिले. सहनशक्ती जबरदस्त.

१० मे
खापरखेड्याहून आईचा फोन. उंदरं बरे झाले का गा बाबू? शंभरदा सांगितलं, आम्ही आजारी पाडतो. ती म्हणे, काहून? त्यायनं काय केलं तुमचं? कॉलनीत सांगून बसली आहे, पोरगा डॉक्टर होऊन राहिला म्हणून.

१७ मे
मॅडम विचारतात, न टोचलेल्या उंदरायचं रक्त तपासलं का? ते तर नॉर्मलच असणार. मुक्या जिवाले उगाच काहून त्रास द्यायचा? डोक्याले ताप नुसता.

२९ मे
तपासायलेच लावलं. त्यायच्याही प्लेटलेट पडल्या. पिंजरे शेजारी आहेत, सहानुभूतीनं पडल्या असतील. नवीन शोध असू शकते. स्लाइड बनवली.

२ जून
मॅडमनं माझ्या ट्यूबमध्ये काडी फिरवली. रक्ताची गुठळी लटकत आली, मिरीएवढी. सगळ्या प्लेटलेट तिच्यात अडकल्या होत्या.
परवा मॅडमनं तीच अँटिबॉडी पुन्हा टोचायले लावली होती. आज रक्त अबोलीनं काढलं, ट्यूब हलवत हलवत. दहाही उंदरायच्या प्लेटलेट जागच्या जागी. मॅडम म्हणाल्या, अँटिबॉडी मेलेली आहे, ठेवली कुठं होती? म्हटलं, डिक्कीत.

३ जून
मुदतवाढ नाही. सहानुभूतीची स्लाइड पाहिलीच नाही कोणी.
आईचा फोन. उंदरं कसे आहेत गा? खोटं बोलवेना. म्हटलं, ठणठणीत आहेत, आजारी पडलेच नव्हते. तिले लय आनंद झाला. म्हणे, मंग झालं ना बाबू तुझं काम, ये घरी, खीर करतो. कॉलनीत सगळ्यायले सांगतो म्हणे, माह्या प्रीतमच्या हातून एकही मेला नाही.