न घोटलेल्या गुळाची बरणी

मी, गोरख सोमाजी वायकर, वय ५४, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, राहणार वारूळवाडी, ता. जुन्नर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. बिघडली आहे ती हृदयाची झडप. येत्या सोमवारी पुण्यात ऑपरेशन आहे.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक पत्नी सोनीबाई हिला. लहानपणी पाठशाळेत मिळालेला संस्कृत कोशही तिलाच. पापडांवर वजन म्हणून तो तसाही तिच्याच ताब्यात असतो.

२. कपाटातली काचेची बरणी पुतणी आरती हिला. तीत १९९४च्या गुऱ्हाळातला गूळ आहे. थोरले बंधू जानकूदादा काहील उतरवून, दाणा धरावा म्हणून रस घोटणार, तोच मी त्यांचा हात धरला. "दादा, घोटू नको. नुसता गार होऊ दे." गार होताना रेणू मंदावतात, पुंजके धरतात, एकाला हलायचं तर शेजारच्यांनी हलावं लागतं. शेवटी सगळे जागच्या जागी थिजतात, त्याची काच होते. ते मला पाहायचं होतं. पाहिलं. काहिलीतलं अख्खं आधण काचेसारखं झालं आणि दोन दिवसांत पाझरू लागलं. दादा म्हणाले, "लई शिकलास राव! आता ही बाटली कुनाला चाटायला देऊ?"

त्यानंतर बारा वर्षं आम्ही बोललेलो नाही.

३. काच थिजलेली दिसली तरी आतले रेणू फार संथपणे सैल होत राहतात. याला आम्ही शिथिलन म्हणतो. सोनीबाई विचारते, "तुमा दोघा भावांचं कदी व्हायचं ते?" गेल्या महिन्यात भिंगातून पाहिलं: बरणीतल्या गुळाने एका कोपऱ्यात दाणा धरला आहे.

४. जानकूदादांना मी काहीही देत नाही. रागाने नव्हे. वकील म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. आणि मला साक्षीला दादाच हवेत. पाठशाळेत 'अहम्'ची रूपं चालवायला लगेच शिकलो, 'चुकलो' म्हणायला बारा वर्षं लागली. ते इथे लिहून देतो: चूक माझी होती. दादा आले नाहीत तर त्यांची ओळ कोरी ठेवावी, दुसऱ्या कुणाची सही घेऊ नये. मृत्युपत्र रद्द ठरलं तरी चालेल.

वारूळवाडी, शनिवार, दि. १८ नोव्हेंबर २००६
(सही) गोरख सोमाजी वायकर

साक्षीदार:
१. (सही) भगवंत भोर, शेजारी
२. (सही) जानकू सोमाजी वायकर
वाचलं. मला काय नकोच व्हतं. सोमवारी गाडीत मी संगं हाय. माघारी आल्यावर गुऱ्हाळावर ये, काहिलीपाशी उभा ऱ्हा. पर हात खिशात ठिव.