गोपालच्या नकारांवर चाललेलं माझं ऑफिस

आर्वी नाका, वर्धा
रविवार, दुपार (जागृती झोपली आहे, म्हणून खरं लिहायला हरकत नाही)

तीर्थरूप सुलोचना आत्याबाईंच्या पायांवर भाचा रजतचं डोकं, आणि तुझ्या यजमानांच्या, म्हणजे आमच्या मामाजींच्याही. पण ते पाय लगेच मागे घेतात म्हणून त्यांना लांबूनच नमस्कार.

इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे जागृती खुशाल आहे आणि तिच्या सांगण्यावरून मीही. तुझं बीपी कसं आहे? गोळी रोज घेतेस, की शेजारणीचं वाढलं की घेतेस? फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर ठेवून कणीक मळतेस. मागच्या वेळी माझी नोकरी गेल्याचं मी तुला सांगतच होतो, तेवढ्यात तुझ्या दारातल्या भाजीवाल्यानं मला धीर दिला. (भला माणूस आहे. त्याला माझा नमस्कार सांग.) म्हणून यावेळी पत्र.

नोकरी कशी गेली हे तुला नीट कुणी सांगितलं नसेल. पुण्याच्या कंपनीत मी इतकी वर्षं मॉलचे नकाशे काढले, म्हणजे खरं तर मॉलच्या पार्किंगचे. लोक जिथे गाडी लावून विसरतात आणि मग शिव्या देत शोधतात, ती माझी कला. एके दिवशी व्हिडिओ कॉलवर एका मॅडमनी सांगितलं की कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे. (आत्याबाई, कुणी असं म्हणालं की समजावं, वाटणी होणार.) मला काढलेलं नाही, फक्त माझी जागा काढली आहे, असंही त्यांनी समजावलं. आता जागाच नाही तर मी बसू कुठे, एवढंच काय ते विचारायचं राहिलं होतं. त्यावर मी फार बाणेदार बोललो. स्वाभिमान, कष्ट, बायकोनं घरी वाट पाहत जेवण थंड केलेल्या रात्री, सगळं काढलं. माझं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा माइक बंद आहे." मी माइक चालू केला आणि म्हणालो, "थँक्यू मॅडम."

मग जागृतीला सावंगीच्या एका दवाखान्यात लॅबचं काम मिळालं आणि तिच्यामागे मीही वर्ध्याला आलो. नाक्यावर एक गाळा घेऊन 'रजत ढगे, आर्किटेक्ट' अशी पाटी लावली. आधी तिथे झेरॉक्सचं दुकान होतं, त्यामुळे पहिले काही आठवडे माझ्याकडे येणारे सगळेच आधारकार्ड पुढे करायचे. मधल्या काळात मी नोकरीसाठीही हिंडलो. सावंगीकडे भैयाजी म्हणून एक आहेत, ते विद्यार्थ्यांना भाड्यानं द्यायच्या खोल्या बांधतात. त्यांनी एका प्लॉटवर इतक्या खोल्या मागितल्या की मी चुकून विचारलं, खिडक्या कुठे ठेवायच्या? ते माझ्याकडे दयेनं पाहत म्हणाले, "खिडकी कायले पाह्यजे? पोट्टे अभ्यास कराले येतात, बाहेर पाहाले नाई!" मी उठून आलो. जागृतीला तत्त्वासाठी उठलो असं सांगितलं. खरं म्हणजे त्यांनीच मला चहा संपल्यावर उठवलं होतं.

अशात एक दिवस महादेवराव आले. आष्टीजवळ त्यांची शेती आणि संत्र्याचा बगीचा आहे. कापूस विकायला वर्ध्याला आले होते, पाटी पाहून आत शिरले. त्यांच्या हातात आधारकार्ड नव्हतं, एवढ्यानंच मी खुर्ची पुसून दिली. त्यांचा एकुलता एक मुलगा गोपाल, चौतिशीचा, शेतकीचा पदवीधर, निर्व्यसनी. पण शेतकरी म्हटला की मुलीचे आईबाप आधी घर पाहतात आणि मग तोंड फिरवतात. "साहेब, पोट्ट्यात खोट नाई," महादेवराव म्हणाले. "घर पाहून लोक नाई म्हणून राह्यले. तुमी असं घर काढा का पोरीचा बाप नाई म्हनूच नाई शकला पाह्यजे." आत्याबाई, कॉलेजात आम्हाला ऊन शिकवलं, वारा शिकवला, पण मुलीचा बाप हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. मी लगेच हो म्हणालो.

नकाशा काढला. महादेवरावांना तो एवढा आवडला की बांधायच्या आधीच मुलीकडच्यांना दाखवायचा आणि समजावून सांगायला मीच सोबत जायचं, असं ठरलं. पहिल्यांदा कारंज्याला गेलो. चिवडा आला, चहा आला, मुलगी येऊन बसली. पण मुलीचे वडील नकाशावर असे वाकले की वर आलेच नाहीत. सैपाकघर केवढं, पायऱ्या किती, आणि पावसाळ्यात आमच्या वसरीत पाणी घुसते त्याचं काय करावं? मी तिथल्या तिथे उतार काढून दिला. गोपाल एकटा चिवडा खात राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला नकार आला आणि मला वसरीचं काम. हिंगणघाटला तेच: मुलीच्या आईला आमच्या नकाशातली न्हाणीघराची जागा इतकी पटली की तिनं मुलगी दिली नाही, पण न्हाणीघर बांधायला घेतलं. सेलूला तर कहर झाला. माझ्या अंगात इस्त्रीचा शर्ट होता, म्हणून मलाच नवरदेव समजून त्यांनी पगार विचारला. मी खरं तेच सांगितलं, की नोकरी गेली. मी आर्किटेक्ट आहे, नवरदेव पलीकडचा आहे, हे महादेवरावांनी पुष्कळ समजावलं, पण गोपालला नकार आला तो माझ्या नोकरीपायी. जगात असा नकार आणखी कुणाला आला असेल असं मला वाटत नाही.

परतताना चहाच्या टपरीवर गोपाल पहिल्यांदा बोलला. "भाऊ, मी पोरगी पाहाले जातो का तुमच्यासाठी गिऱ्हाईक पाहाले? मले नकार भेटते, तुमाले काम भेटते. मी तुमची जाहिरात आहो का?" मी हसण्यावारी न्यायला गेलो, पण तो हसत नव्हता. चहा तसाच ठेवून तो गाडीत जाऊन बसला. घरी येऊन हे सांगितलं तर जागृती म्हणाली, "तुला त्याचं लग्न जमावं असं खरंच वाटतं का?" मी 'हो' म्हणालो, पण जरा उशिरा. तेवढ्या वेळात तिनं पाय दुमडून दुसरीकडे तोंड केलं होतं.

मला झोप लागली नाही. सकाळच्या एसटीनं आष्टी गाठली आणि तिथून बगीच्यात गेलो. गोपाल झाडांना पाणी देत होता. मी विचारलं, तुला कसं घर पाहिजे? तो म्हणाला, "हे आजपर्यंत कोणी विचारलंच नाई." (ते खरं होतं. घर त्याचं, आणि मी विचारत फिरत होतो बाकी अख्ख्या जिल्ह्याला.) पाणी पुढच्या झाडाकडे वळवून तो म्हणाला, "सैपाकघरात दोघाले उभं राहता आलं पाह्यजे. एकानं कापावं, एकानं फोडणी द्यावी. धक्का नाई लागला पाह्यजे. लागला तरी..." आणि एवढं बोलून तो लाजून मोटार पाहायला निघून गेला. मोटार व्यवस्थित चालू होती.

आई वारल्यापासून घरचा सगळा सैपाक तोच करतो. महादेवरावांनी ही गोष्ट इतके दिवस लपवली होती, "लोक हासतीन" म्हणून. त्या दुपारी त्यानं मला पाटोडीचा रस्सा आणि ज्वारीची भाकर वाढली. आत्याबाई, तुझी शपथ घेऊन सांगतो (आणि तुझ्या हातच्या पाटोडीची क्षमा मागून), मी दोनदा रस्सा मागून घेतला, आणि तिसऱ्यांदा त्यानं न मागता वाढला. तिथेच जुना नकाशा फाडला. नव्या नकाशात दिवाणखाना लहान आहे आणि सैपाकघर मोठं, त्याची खिडकी संत्र्यांकडे. महादेवराव आधी म्हणाले, "बैठक इतुकशी काऊन?" मग पोराच्या तोंडाकडे पाहून त्यांनी स्वतःच मान डोलावली.

असं सगळं आहे. मामाजींना आणि आल्यागेल्याला आमची आठवण सांग. पत्र वाचून झालं की चुलीत टाकू नकोस, खाली अजून आहे.

तुझा,
रजत

ता. क. आता मुद्द्याचं. येत्या रविवारी मी, महादेवराव आणि गोपाल आर्वीला तुझ्याकडे येत आहोत. चिवडा करू नकोस, गोपालनं तो आयुष्याला पुरेल इतका खाल्लाय. तुझ्या काजलसाठी येतोय.

ता. क. २. रागावण्याआधी एवढं ऐक. मागच्या आठवड्यात काजल कॉलेजच्या कामानं वर्ध्याला आली होती, तेव्हा तिनं टेबलावर तो नकाशा पाहिला. विचारलं, इतकं मोठं सैपाकघर कुणासाठी? मी सगळं सांगितलं. तिनं पेन्सिल घेऊन खिडकी हातभर डावीकडे सरकवली. मग ती बरोबर सरकली का हे विचारायला गोपालचा नंबर मागून घेतला. तेव्हापासून रोज फोनवर त्या दोघांचं खिडकीबद्दलच चाललं आहे, असं जागृती म्हणते. खिडकीबद्दल इतकं बोलता येतं हे मला आर्किटेक्ट असून माहीत नव्हतं. आष्टीहून आर्वीला रोज कॉलेजात शिकवायला जाता येईल, एसटीचं वेळापत्रकही तिनंच काढलं आहे. मला फक्त म्हणाली, "आईला तू सांग."

ता. क. ३. तुला नोकरीवाला जावई पाहिजे, हे मला माहीत आहे. पण आत्याबाई, मीही नोकरीवालाच होतो.

ता. क. ४. दिवाळीत मामाजी तुमच्या माडीच्या जिन्यावरून घसरले, तेव्हापासून तो नवा करून दे म्हणून तू माझ्या मागे आहेस. करून देईन, पैसेही घेणार नाही. फक्त, गोपालला जिथून नकार येईल त्या घरचं काम यापुढे घ्यायचं नाही, असा शब्द मी त्याला दिलाय. तेव्हा जिना पाहिजे असेल, तर आधी जावई घ्यावा लागेल.