उजवी पेटी

१७ जानेवारी २०११, कुओपिओ
बाहेर उणे चोवीस. प्रयोगाची नववी फेरी मोजून झाली. उजव्या पेटीतल्या त्वचेच्या पेशी डावीतल्यांपेक्षा अकरा टक्के जास्त वाढल्या. दोन्ही पेट्या सदतीस अंशांवर, दोन्हींत तारेची वेटोळी. वेटोळ्यात वीज फक्त उजवीत. म्हणजे वाढ चुंबकीय क्षेत्रामुळे. प्राध्यापक ओइवांना सतरा वर्षांपूर्वी, याच पेट्यांत, हेच मिळालं होतं. तेच नव्या पेशींवर दाखवणं हा माझा प्रबंध. मेमध्ये जाहीर परीक्षा.
आनंद व्हायला हवा. नुसतं थकल्यासारखं वाटतंय.

१९ जानेवारी
जूनच्या दोन फेऱ्यांत फरक शून्य होता. ओइवा तेव्हा म्हणाले, "सोडून दे. पेशींचं खाद्य बिघडलं असणार." सोडलं. आज वही चाळली — डिसेंबरात त्याच साठ्यातलं खाद्य वापरलंय. आणि तेव्हा अकरा टक्के!

२ फेब्रुवारी
सकाळी दारातच त्यूनेनं गाठलं. प्रयोगशाळा तीच सांभाळते, ओइवांच्याही आधीपासून.
"ओले हातमोजे खिशात कोंबतेस? बोटं झडतील, पोरी! दे इकडे."
आणि टाकले नेहमीच्या जागी, उजव्या पेटीवर. ती दाराजवळ, वरून उबदार. आधीच दोन जोड्या होत्या. हिवाळाभर सगळेच टाकतात. मीही, तीन वर्षं. आज मात्र बघतच राहिले.
"काय गं, भूत बघितलंस?"
"त्यांच्याखाली हवेचा झरोका आहे."
"असू दे की. आमची वाळवणाची जागा आहे ती!"

३ फेब्रुवारी
उजव्या पेटीत, पेशींच्या ताटलीशेजारी वेगळा थर्मामीटर ठेवला. वर हातमोजे: ३७.६. काढले: ३७.०. पेटीच्या काट्यावर दोन्ही वेळा ३७.०.

४ मार्च
हातमोज्यांशिवाय तीन फेऱ्या. वीज चालू. फरक: शून्य, एक, शून्य टक्के.

७ मार्च
ओइवांना सांगितलं. ते बराच वेळ कॉफी ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती.
"तीन वर्षं पेटीवर हातमोजे वाळवलेस?"
"सगळ्यांनीच."
"माझ्या वेळी असला गबाळेपणा नव्हता. माझा आकडा स्वच्छ आहे. तुझा गाढवपणा तुझ्या प्रबंधात लिही, माझ्या नावाला चिकटवू नकोस."
बरं म्हटलं. चूक माझीच. मेची तारीख गेली.

८ मार्च
काही केलं नाही. भांडी घासली.

२५ मार्च
ओइवांचा निरोप समारंभ. केक, कॉफी, भाषणं. मी भिंतीशी उभी. त्यूनेनं भेट म्हणून एक जुना फोटो चौकटीत बसवून आणला होता. खाली तारीख: फेब्रुवारी १९९४. दोन पेट्यांमध्ये तरुण ओइवा, हसताहेत. उजव्या पेटीवर तीन जोड्या हातमोजे.
"लाल जोडी कुणाची?" मी त्यूनेला विचारलं.
"त्याचीच की! आईनं विणलेली. रोज तिथंच टाकायचा."