कमान आहे, भिंत नाही

८ डिसेंबर २०२४
ग्रामसभेत हात वर करून ठरलं! ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलामुलींचं वसतिगृह तळ्यापलीकडच्या गायरानात. माझ्या शाळेशेजारची जागा म्हणे लग्नाच्या मांडवाला लागते. सरपंच सूर्यभान अण्णा खूश — "मे महिन्यात वसतिगृह मंजूर, आज जागा मंजूर. दोन्ही येळंला बहुमत हाय, मॅडम."

मी म्हटलं, अण्णा, मे महिन्यात 'हवं' म्हणाले ते ऊसतोडीवाले. आज ते सगळे कारखान्यांवर आहेत. ज्यांची मुलं राहायची त्यांना जागा विचारली नाही, आणि ज्यांनी जागा ठरवली त्यांचं एकही मूल तिथं राहणार नाही. या दोन मतांची बेरीज होतेच कशी?

"गाव एकच हाय ना?" म्हणाले. चहा आला. विषय संपला.

११ जानेवारी २०२५
आता व्हॉट्सॲपवर मतदान — उरलेल्या निधीत कुंपणाची भिंत की कमान? ग्रुपवर बहुतेक पुण्या-चाकणला नोकरी करणारी मंडळी. कमान जिंकली. वर गावाचं नाव, रंगीत दिव्यांत. माझं डोकंच फिरलं!

२७ एप्रिल
ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. चांगुणा वसतिगृहाचा पाया बघून तडक माझ्याकडे आली. सातवीला जाणाऱ्या निकिताची आई. मे महिन्यात सगळ्यात आधी हात वर केला होता तो हिनेच. "आमाला वाटलं, शाळंला लागून बांधत्याल. तिकडं तर कुत्रं बी न्हाई, बाई."

अण्णांना पुन्हा जाऊन भेटले. "तीन येळा मत घेतलं. आता एका बाईसाठी मोडू का?" एका बाईसाठी!

१५ ऑगस्ट
उद्घाटन. कमानीखाली फोटो. त्यात मी हसते आहे. स्वतःची किळस आली.

८ ऑक्टोबर
टोळ्या निघाल्या. वसतिगृहात मुलगे राहिले. मुलगी एकही नाही. कोण ठेवेल, भिंत नसलेल्या माळावर?

माझ्या घरी ठेव निकिताला, म्हटलं. हात जोडून म्हटलं. चांगुणा ट्रॅक्टरमध्ये भांडी चढवत होती. "तुमी आज हायसा, उद्या बदली झाली तर? वयात आलेली पोर हाय, बाई." रागानं नाही, समजुतीनंच म्हणाली.

निकिता म्हणाली, "बाई, परीक्षेला तरी येऊ ना?" मी हो म्हटलं. साफ खोटं. मग वर्गात आले आणि फळ्याकडे तोंड करून रडले.

९ ऑक्टोबर
निकिताच्या पहिल्या बाकावर कुणाला बसवलं नाही.

२० नोव्हेंबर
अण्णा शाळेत आले. वसतिगृहात मुलं कमी, वरून विचारणा झाली आहे. "सगळ्यांनी मागितलं, सगळ्यांना दिलं. तरी लोकं येत न्हाईत!" खरंच कोड्यात पडले होते बिचारे. भांडायलाही जोर उरला नाही मला.

१० डिसेंबर
चांगुणाचा फोन. "दिवसभर उसाच्या फडात असतो. पोर पाचटाच्या कोपीत एकटी कशी ठिवायची, बाई? जमवलं तिचं. रविवारी लगीन हाय. गावातनं तुमी तेवढ्या या."

निकिताला तेरावं चालू आहे.

११ डिसेंबर
चाइल्डलाइनला फोन केला. आईचं नाव, कारखाना, मुकादम, सगळं सांगितलं. गावातून चांगुणानं फक्त मलाच बोलावलं होतं.