ओळंब्यात न बसणारं घर

३ फेब्रुवारी

वाकडं! माणूस पदरचे पैसे घालून वाकडं घर मागतो!

रावेतचे आबाजी लेकीकडे, ओवीकडे, इंग्लंडला दोन महिने राहून आले. तिच्या गल्लीत म्हणे चारशे वर्षांचं घर आहे — खाली दगडी भिंत, वर लाकडाचा सांगाडा, मधले चौकोन चुन्याने पांढरे. अख्खं घर रस्त्यावर ओणवं झालेलं. फोटो दाखवून म्हणाले, "मिस्त्री, हुबेहूब हेच पाहिजे. पोक आलंय ना, त्या पोकासकट!"

मी बावीस वर्षं चाकणला मशिनच्या खोक्यांना खिळे ठोकले. खोकं पोचलं की तिकडे पहारीने फोडतात. माझ्या हातचं एक काम आज उभं नाही. हे आयुष्यातलं पहिलं घर, अन् तेच वाकडं करू? खांब सरळ उभा आहे का ते बघायचा बापाचा ओळंबा आहे माझ्याकडे!

४ फेब्रुवारी

बायकोला सांगितलं. दुर्गाबाई म्हणते कशी, "सोपंच की. आपल्या न्हाणीचं दार तुम्हीच बसवलंय ना?"

उठलो अन् त्या दाराच्या अडणाऱ्या कडेला रंधा मारत बसलो.

९ फेब्रुवारी

हो म्हणून आलो. पण मनात ठरवलंय — सरळच बांधायचं. एकदा उभं राहिल्यावर कोण पाडतंय!

लाकूड आबाजींच्या मळ्यातल्या बाभळींचं. परवाच पाडल्यात, ओल्या कच्च. म्हटलं, वर्षभर वाळू द्या. तर म्हणे, "ओवी सांगते, तिकडे ओलंच वापरायचे." ते शहाणे, आपण येडे!

खिळा मात्र एकही नको म्हणाले. एका लाकडाचं कुसू, म्हणजे तासलेलं टोक, दुसऱ्याच्या भोकात, अन् आरपार सुक्या लाकडाची खुंटी. हे ऐकून हात शिवशिवायला लागले. बापाने शिकवलं होतं, कधी कामाला आलं नव्हतं.

२८ मार्च

दगडी जोत्यावर सांगाडा उभा! चौकोन भरायचे बाकी आहेत. सगळे खांब ओळंब्यात, दोरा जरा हलत नाही. प्रत्येक सांध्याशेजारी पटाशीने माझ्या नावाची खूण केली — ज्यो.

आबाजी आले. बघत राहिले. "मिस्त्री, ही तर झेडपीची शाळा झाली." मग भडकलेच. "मे संपायच्या आत वाकवा. नाहीतर हे काढून सिमेंटची भिंत घालतो अन् काळे पट्टे मारून घेतो. पेंटर तयार आहे!"

पट्टे! माझ्या लाकडाच्या जागी पट्टे!

१७ एप्रिल

रोज कासारवाडीहून बसने रावेतला जातो. खांबाकडे बघतो. चहा पितो. परत येतो. वाकवायला हात धजत नाही.

६ मे

आज सहज ओळंबा सोडला. दोरा खांबापासून चार बोटं लांब! दुसऱ्या खांबाला सहा! उन्हाने बाभूळ वाळली, पिळली, अन् सांगाडा रस्त्याकडे झुकला. शरमेने मेल्याहून मेलं झालं. बाप असता तर पटाशी हिसकावून घेतली असती.

तेवढ्यात आबाजी. मला मिठीच मारली! "जमवलंत की राव! कसं केलंत?"

मी दोरा गुंडाळून ओळंबा खिशात टाकला.

११ मे

बघ्यांची गर्दी. एकजण विचारतो, "हॉटेल कधी चालू होतंय?" आमच्या भावकीतले दत्तोबा मुद्दाम आले. मान तिरकी करून बघितलं अन् म्हणाले, "ज्योतीराम, पितोस कधीपासून?"

सगळे गेल्यावर सांध्यात सुरी घालून बघितली. शिरेना. दुसऱ्यात घातली, तिथेही नाही. वाळताना लाकडाने खुंटीला असं आवळलंय की पहार लावली तरी सुटायचं नाही. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस सांधे तपासले. तिथेच जोत्यावर बसून रडलो. खरंच रडलो.

३० मे

ओवीचा फोन आला होता. तिकडच्या घराला नवा मालक मिळालाय, जॅक लावून घर सरळ करतोय! आबाजींचं तोंड एवढंसं झालेलं. म्हणाले, "मिस्त्री, आपलंही करून टाका सरळ. तुमच्या मनासारखं."

"हात तर लावून बघा!" — मीच ओरडलो.