चर्चच्या चौकटीवरची रेघ

३ मार्च २०१२
ड्रीमा, हे तुझ्या यंत्रात बोलून ठेवतेय. रविवारी ऐकून वहीत उतरवायचं आणि मलाच वाचून दाखवायचं. विसरशील म्हणा. मागल्या रविवारी आपला चष्मा माझ्या फ्रीजमध्ये लोण्याशेजारी ठेवून गेलीस. पंचविशीत ही तऱ्हा! तुझी आजी शहात्तरची, अक्षर एक येत नाही, पण डोक्यात सगळं जागच्या जागी.

सरकारचं पत्र आलं. पोस्टमनने वाचलं. ओढ्याच्या पुराचा जुना नकाशा रद्द. आता काउंटी, राज्य आणि वॉशिंग्टन तिघं मिळून नवा करणार. सात सुगरणी आणि भाजी अळणी. जुन्या नकाशात माझं घर पुराच्या रेघेबाहेर होतं. नव्यात रेघ ओसरीवरून जाते म्हणे. रेघेच्या आत सापडलं की घर खांबांवर चढवायचं, नाहीतर विकून चालू पडायचं.

संकल्प: रेघ हलेल. घर हलणार नाही.

७ मार्च
विमान घिरट्या घालून गेलं. वरून उजेड टाकून जमीन मोजतात. माझं अंगण बघायला आभाळात कशाला? दार वाजवलं असतं तर कॉफी दिली असती. नसती दिली, पण वाजवायला काय जातं?

नणंदबाई, म्हणजे डेल्फिया, हिचं घर शेळीसारखं डोंगराच्या कड्यावर. तिथून ओरडली, अगं आयसी, सत्तावन्नचा पूर आठव! मी म्हटलं, तू तुझं आठव. मक्याच्या ब्रेडमध्ये साखर घालणाऱ्या बाईचं मत मी धरत नाही.

११ मार्च
सापडलं! प्रवचनात लक्ष नव्हतं, दाराच्या चौकटीवर होतं. सत्तावन्नला पाणी कुठवर आलं त्याची निळी रेघ तेव्हाच्या पाद्र्याने तिथे मारून ठेवलीय. उंबऱ्यापासून घोटाभर, बस्स. चर्च माझ्या शेजारी, उलट हातभर खालीच. माझं घर पुरानंतरचं, पण तिथे घोटाभर, तर माझ्या जागेवर थेंब नाही. विमानाला दिसलं का हे?

पाद्री एस्टेल म्हणाले, आयसीबाई, आधी कुणाला तरी विचारा. हा माणूस बाहेरून आलेला. मी म्हटलं, माझं लग्न या दारात लागलंय, तुम्ही काय सांगता? चढ चढून नवे बूट फाटले होते त्या दिवशी.

२२ मार्च
नकाशाच्या सभेसाठी भाषण तयार. निळा झगा काढला. डेल्फियाला पुढच्या रांगेत बसवायचं. तोंड बघायचंय.

२९ मार्च
शाळेच्या जिममध्ये सभा. तीन सरकारं, तीन टेबलं, कॉफीचं भांडं एक, तेही गार. सगळ्यांना उठवून चर्चच्या दाराशी नेलं. राज्याकडची प्रुइट नावाची मुलगी गुडघ्यांवर बसून रेघ मोजू लागली. म्हणाली, आजी, ही तर सोन्याची खूण, तुमच्यासारखी माणसं भेटली तर नकाशे चुकायचेच नाहीत. मी म्हटलं, माहीत आहे.

मग ती डोंगराकडे बघून म्हणाली, चर्च इथे, मग कबरी एवढ्या वर का?

डेल्फिया चौकटीला धरून हसायला लागली. म्हणाली, सांग ना वहिनी! चर्च तेव्हा वरच होतं, कबरींपाशी. चौसष्टला रस्ता झाला, तेव्हा आमच्या हार्लेसनेच नाही का ओंडक्यांवर घालून खाली आणलं? तुझाच नवरा ना तो?

म्हणजे घोटाभर पाणी वर, कबरींपाशी.

मी म्हटलं, पण खाली आणताना एक काच फुटली नव्हती. खरं आहे ते. कुणी लिहून घेतलं नाही.

१६ मे
नकाशा पक्का झाला. रेघ आता ओसरीवरून नाही, धुराड्याच्याही वरून जाते. चर्च आत, आख्खी खालची आळी आत. डेल्फियाची पायरी तेवढी बाहेर. पाद्री हात मिळवत नाहीत. मिळवू नका. तीन सरकारांना जमलं नाही ते मी एका सकाळी दाखवलं. नकाशा माझाच म्हणायचा.

संकल्प: कुणाच्या दारात जाणार नाही.

२ जुलै
घर जॅकवर चढवलंय. खांब होईपर्यंत मुक्काम डेल्फियाकडे. तिच्या ओसरीतून माझ्या घराचा तळ दिसतो, बाईचा परकर दिसावा तसा. ती रोज सकाळी विचारते, काय वहिनी, शेळीचं घर कसं आहे? मी म्हणते, वारा बरा येतो. इथून ओढा सगळा दिसतो. कबरीही जवळ आहेत. हार्लेसशी बोलून आले.

ड्रीमा, विसरू नकोस. हॅमच्या हाडावर शिजवलेला घेवडा पाठव आणि मक्याचा ब्रेड, लोखंडी तव्यातला, तव्यासकट. साखरेचा कण नको. आणि दोघींना पुरेल एवढा पाठव. ती मागणार नाही, पण खाईल.